स्वयंसेवी संस्थेत सुधारणा का टिकत नाही, आणि ती टिकावी म्हणून काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम आकाराच्या स्वयंसेवी संस्थेने सतत सुधारणेसाठी बाहेरून प्रशिक्षक बोलावला. कार्यशाळा झाल्या, सूचनापेटी लागली, दरमहा भरायचा एक नवा फॉर्म आला. पहिले काही महिने उत्साह होता. आता पेटी रिकामी असते, फॉर्म महिनाअखेरीस एका बैठकीत उरकले जातात आणि काम पूर्वीसारखेच चालले आहे. माणसे प्रामाणिक आणि कष्टाळू आहेत. मग अडते कुठे? कामाच्या ठिकाणची संस्कृती कशी असली म्हणजे सुधारणा चालू राहते?

आधी उत्तर सांगतो, मग कारणे. पद्धत निवडण्यात तुमचे काही चुकलेले नाही. काइझेन म्हणजे रोजच्या छोट्या सुधारणांची जपानी पद्धत घ्या, गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांचे ‘योजना, कृती, अभ्यास, दुरुस्ती’ हे चक्र घ्या, नाहीतर साधी साप्ताहिक आढावा बैठक घ्या. यांपैकी कशानेही काम होते. प्रश्न असा आहे, की जे चालत नाही त्याची बातमी तुमच्या संस्थेत खालून वर किती लवकर आणि किती खरी पोहोचते, आणि पोहोचल्यावर तिचे काय होते. सुधारणेची संस्कृती म्हणून जे काही आहे ते मला एवढ्याच वाटेवर दिसले आहे. ही वाट बंद असेल तर प्रशिक्षण कितीही चांगले झाले तरी वाया जाते.

ही वाट स्वयंसेवी क्षेत्रात जास्त अवघड का, ते आधी बघू. व्यवसायात माल खराब निघाला की गिऱ्हाईक दुसरीकडे वळते आणि महिन्याच्या हिशेबात ते दिसते. आपल्याकडे पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा. सेवा घेणारा सहसा तक्रार करत नाही, कारण जे मिळते आहे तेही बंद होईल अशी त्याला धास्ती असते. शिवाय समोरचा माणूस आपल्यासाठी धडपडतोय, त्याला नावे कशी ठेवायची, हा संकोच असतोच. पैसे देणाऱ्याने सेवा घेतलेली नसते. त्याच्यासमोर असतो तो आपणच लिहिलेला अहवाल. म्हणजे काम बिघडले तर ज्याला कळते तो बोलत नाही आणि ज्याच्या बोलण्याने फरक पडेल त्याला कळत नाही. हा दोष कुणा व्यक्तीचा नाही, रचनेतच आहे. म्हणून इतरत्र बाजार जे काम आपसूक करतो ते आपल्याला जाणीवपूर्वक करावे लागते.

दुसरे कारण जास्त नाजूक आहे. या क्षेत्रात माणसे कमी पगारावर, बऱ्याचदा घरच्यांचा विरोध पत्करून आलेली असतात. कामाशी त्यांची ओळख जोडलेली असते. त्यामुळे ‘हा उपक्रम चालत नाहीये’ या वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात ‘तुमचे कष्ट फुकट गेले’ असा होतो. मग सहकारी एकमेकांना जपायला लागतात. जपणे चांगलेच आहे, पण त्या जपण्यात खरे बोलणे मागे पडते. मी पाहिलेल्या संस्थांमध्ये भांडखोर टीमपेक्षा एकमेकांवर फार माया असलेल्या टीममध्ये सुधारणा रुजवणे जास्त कठीण गेले आहे.

अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांचे १९९६ साली प्रसिद्ध झालेले संशोधन इथे उपयोगी आहे. रुग्णालयांतील वेगवेगळ्या विभागांत औषधे देताना किती चुका होतात हे त्या पाहत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले. ज्या विभागांत परिचारिकांचे आपसांतले आणि प्रमुखांशी संबंध चांगले होते, तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. उलगडा असा झाला, की तिथे चुका उघडपणे सांगितल्या जात होत्या. इतरत्र त्या दडवल्या जात होत्या. पुढे १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी टीममधल्या या निर्धास्तपणाची मांडणी ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणून केली.

याचा व्यवहारातला अर्थ संस्थेच्या विश्वस्तांना आधीच सांगून ठेवा: संस्कृती सुधारू लागली की पहिल्या काही महिन्यांत आकडे वाईट दिसतील. सेवा मध्येच सोडणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसेल, तक्रारी वाढतील, पूर्ण झालेल्या भेटींची टक्केवारी खाली येईल. काम बिघडलेले नसते, नोंद खरी व्हायला लागलेली असते. हे आधी सांगितले नाही, तर नेमक्या त्या वेळी कुणीतरी विश्वस्त विचारतात, ‘मागच्या वर्षी तर ९५ टक्के होते, आता काय झाले?’ आणि पुढच्या महिन्यात आकडा निमूटपणे ९५ वर परत येतो. एकदा असे झाले की खरे आकडे पुन्हा मिळवायला फार दिवस लागतात.

आता प्रत्यक्ष आढावा बैठकीत बसू, कारण संस्कृती घडते किंवा मोडते ती तिथे. क्षेत्रावरची एक कार्यकर्ती सांगते, ‘या महिन्यात ६० घरभेटी ठरल्या होत्या, ३८ झाल्या.’ पुढचे वाक्य समन्वयकाचे असते आणि त्यावर वर्षभराचे वातावरण ठरते. ‘का बरं? बाकीच्यांच्या तर झाल्या,’ असे तो म्हणाला, की खोलीतल्या सगळ्यांना कळते की पुढच्या वेळी ५७ सांगायचे. ‘बरं झालं खरा आकडा सांगितलास. राहिलेल्या बावीस घरांचं काय झालं ते सांग,’ असे म्हणाला, तर ती सांगू लागते: नऊ घरी दुपारी कुणी नसते, सहा कुटुंबे हंगामी कामाला बाहेर गेली आहेत, चार पत्ते चुकीचे आहेत, तीन घरांनी ‘येऊ नका’ म्हणून सांगितले. या एका मिनिटात चार वेगवेगळे प्रश्न हाती आले आणि चारही प्रश्नांवरचे उपाय वेगळे आहेत. दुपारी कुणी नसेल तर वेळ बदलायची. पत्ते चुकत असतील तर नोंदणीची पद्धत बघायची. आणि ‘येऊ नका’ म्हणणारी ती तीन घरे माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहेत. त्यांच्याकडे कुणीतरी वरिष्ठाने ऐकायला म्हणून जायला हवे. ५७ या आकड्यात यातले काहीच नसते.

समन्वयकाचे ते पहिले वाक्य शिकवता येते. स्वभावाचा प्रश्न म्हणून ते सोडून देऊ नका. अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकापासून प्रशिक्षणासाठी विकसित केलेली, आणि आता मदतकार्य करणाऱ्या अनेक संस्थांतही रुळलेली, कृतीनंतरच्या आढाव्याची एक साधी रीत आहे. चार प्रश्न: काय व्हायचे ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करू. यात ‘कुणामुळे’ हा प्रश्नच नाही. लष्करासारख्या उतरंडीच्या ठिकाणीही या चर्चेत हुद्दा बाजूला ठेवण्याचा आग्रह धरला जातो. मी समन्वयकांना हे चार प्रश्न कागदावर लिहून बैठकीत समोर ठेवायला सांगतो, आणि पहिले उत्तर सर्वांत कनिष्ठ माणसाकडून घ्यायला सांगतो. प्रमुख आधी बोलले की बाकीचे त्यांचेच म्हणणे वेगळ्या शब्दांत सांगतात.

कुणाला वाटेल हे सगळे मनमिळाऊपणाचे झाले, शिस्तीचे काय? शिस्त लागतेच. खोटी नोंद करणे, पैशांत गैरव्यवहार, लाभार्थ्याशी वाईट वागणूक, मुलांच्या सुरक्षिततेत हयगय, इथे चर्चा नाही, कारवाई आहे, आणि ती सर्वांना दिसेल अशी व्हायला हवी. उद्दिष्ट न गाठल्याबद्दल शिक्षा नाही, ते लपवल्याबद्दल आहे, ही रेघ जितकी स्पष्ट तितकी माणसे निर्धास्त होतात. सगळेच माफ असेल तर चांगले काम करणारे आधी निघून जातात.

खालच्या बातमीवर विश्वास ठेवला तर केवढे काम उभे राहते, याचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण ब्रॅक या बांगलादेशातील संस्थेचे आहे. फझले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये ती सुरू केली. १९८० ते १९९० या काळात ब्रॅकच्या महिला कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आयांना जुलाबावरचे मीठ, गूळ आणि पाण्याचे द्रावण करायला शिकवत होत्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, ठरावीक माप पाणी. मोजायला चमचाही लागू नये इतके सोपे. दशकाअखेर सव्वा कोटीच्या आसपास घरांपर्यंत हे शिक्षण पोहोचले.

यातली मोजण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. कार्यकर्तीचे मानधन किती घरे झाली यावर नव्हते. काही आठवड्यांनी दुसरी व्यक्ती त्यांतली काही घरे निवडून तिथे जायची, आईला प्रश्न विचारायची, तिच्याकडून द्रावण करवून घ्यायची. आईला किती आठवते आणि द्रावण बरोबर होते का, यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरायचा. साहजिकच कार्यकर्त्या घाई न करता शिकवू लागल्या आणि आयांना चांगले यायला लागले.

एवढ्यावर थांबून सुंदर अहवाल लिहिता आला असता. पण ब्रॅकने पुढचा प्रश्न विचारला: जुलाब झाल्यावर घरात हे द्रावण खरोखर देतात का? उत्तर निराशाजनक आले. द्रावण करता येणाऱ्या आया पुष्कळ, वापरणाऱ्या थोड्या. तेव्हा त्यांनी आयांना दोष दिला नाही की कार्यकर्त्यांना फैलावर घेतले नाही. लोकांत राहून कारणे शोधणारी माणसे पाठवली. निघाले ते असे. लोकांच्या बोलण्यात जुलाबाचे अनेक प्रकार होते आणि त्यांतल्या एकाच, सर्वांत गंभीर प्रकाराला ते हे औषध लागू समजत. घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलेच नव्हते, त्यामुळे त्यांचा पाठिंबा नव्हता. आणि सर्वांत बोचरी गोष्ट म्हणजे बऱ्याच कार्यकर्त्यांचाच या द्रावणावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या दुसरेच औषध घेत. मग कार्यकर्त्यांना ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात नेऊन द्रावण शरीरात नेमके काय करते ते दाखवले गेले. पुरुषांशी बाजारात, मशिदीत, शाळेत जाऊन बोलणे सुरू झाले. वापर हळूहळू वाढला.

कार्यकर्तीने ‘माझाच यावर विश्वास नाही’ असे संस्थेला सांगावे आणि तिची नोकरी जाऊ नये, उलट कार्यक्रम तिच्या म्हणण्यावरून बदलावा, हीच सुधारणेची संस्कृती. तुमच्या संस्थेत आज कुणी असे म्हणू शकेल का, हा प्रश्न स्वतःला शांतपणे विचारा.

याच उदाहरणातून मोजमापाची मर्यादाही कळते. ज्ञान मोजले, ज्ञान वाढले. वापर मोजला नव्हता, तो वाढला नव्हता. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेला विचार आज सोप्या रूपात असा सांगतात: एखादे मोजमाप उद्दिष्ट बनले की ते चांगले मोजमाप राहत नाही. उपाय म्हणून मोजणे सोडायचे नाही. मोजमापाच्या पुढचा प्रश्न कुणीतरी विचारत राहील याची सोय करायची.

तुमच्या नव्या मासिक फॉर्मबद्दल मी हेच विचारेन. त्यातला प्रत्येक रकाना घ्या आणि पाहा, गेल्या सहा महिन्यांत या रकान्यातल्या माहितीवरून कुणी कोणता निर्णय घेतला? उत्तर नसेल तर रकाना काढून टाका. ‘समुपदेशन केले: होय/नाही’ असा रकाना मी कित्येक फॉर्मांत पाहतो. त्यात पानभर ‘होय’ असते. ती खोटी नसतात, पण त्यांतून काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘आज समोरच्याने विचारलेला एक प्रश्न’ असा रकाना ठेवून पाहा. महिन्याभरात प्रशिक्षणात काय राहून गेले आहे ते कळू लागते. दुसरे असे की माहिती जो गोळा करतो त्याला ती सर्वांत आधी परत दिसली पाहिजे. कार्यकर्ता फॉर्म भरतो, तो मुख्यालयात जातो, तिथून देणगीदाराकडे जातो आणि कार्यकर्त्याला त्याचे पुढे काय झाले ते कधीच कळत नाही, अशा ठिकाणी फॉर्म उरकलाच जाणार. भिंतीवर हाताने काढलेला एक साधा तक्ता, ज्याच्यासमोर आठवड्यातून एकदा वीस मिनिटे सगळे उभे राहतात, तो कुठल्याही महागड्या डॅशबोर्डपेक्षा जास्त काम करतो.

आता सूचनापेटी. ती रिकामी का झाली याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: आधीच्या चिठ्ठ्यांना उत्तर मिळाले नाही. टोयोटात कामगारांकडून सूचना घेण्याची पद्धत १९५१ पासून चालू आहे. सूचना करणाऱ्याला उत्तर मिळाले आणि शक्य तिथे ती त्यानेच अमलात आणली, तरच अशी पद्धत टिकते. तुम्ही पेटी काढून टाका, असाच माझा सल्ला आहे. सूचना नावानिशी, बैठकीत, तोंडी येऊ द्या आणि आठवड्याच्या आत उत्तर देण्याचा नियम करा. उत्तर तीन प्रकारचे असू शकते: करू या, आत्ता शक्य नाही, कारण अमुक, किंवा तूच दोन आठवडे करून बघ आणि सांग. ‘नाही’ हे उत्तर कारणासह आले तर माणसे नाराज होत नाहीत, पुन्हा सूचना करतात. मौनाने मात्र ती गप्प होतात. निनावी मार्ग फक्त गंभीर तक्रारींसाठी, म्हणजे छळ, गैरव्यवहार, सुरक्षितता यांसाठी, वेगळा आणि विश्वासार्ह ठेवा. त्याची गल्लत रोजच्या सुधारणांशी करू नका.

‘तूच करून बघ’ यामागे थोडा अधिकार आणि थोडे पैसे लागतात. केंद्रप्रमुखाला शंभर प्रती काढण्यासाठीही मुख्यालयाची मंजुरी लागत असेल, तर तिथे कोण कशाला काही सुचवील? प्रत्येक केंद्राला छोटीशी रक्कम द्या, जी विनामंजुरी खर्च करता येईल आणि जिचा हिशेब नंतर द्यायचा. रक्कम लहान असली तरी ‘तुमच्या डोक्यावर आमचा भरवसा आहे’ हे त्यातून कळते.

छोट्या प्रयोगाचे एक उदाहरण घेऊ. समजा, दीर्घ उपचार घेणाऱ्या रुग्णांचा पाठपुरावा करणारी संस्था आहे आणि दर महिन्याला बऱ्याच रुग्णांचा फोनच लागत नाही. मुख्यालयाला सुचते ते मोठे उत्तर: नवे सॉफ्टवेअर. नोंदणीच्या टेबलावर बसणारी मुलगी मात्र म्हणते, की रुग्ण दुसऱ्याचा फोन वापरतात, म्हणून नंबर घेतानाच ‘हा फोन कुणाचा’ आणि ‘घरातल्या किंवा शेजारच्या कुणाचा आणखी एक नंबर’ असे दोन प्रश्न विचारू या, आणि नंबर तिथल्या तिथे लावून बघू या. एका केंद्रावर दोन आठवडे हे करून बघायचे. आधी अंदाज लिहून ठेवायचा: फोन न लागणारे निम्म्याने कमी होतील. मग मोजायचे. कमी झाले तर दुसऱ्या केंद्रावर न्यायचे. रांग लांबली आणि लोक चिडले, तर प्रश्न एकच ठेवून पुन्हा करायचे. डेमिंग यांच्या चक्राचा सगळा अर्थ इथे आला. त्यातले अंदाज लिहून ठेवणे लोक विसरतात. अंदाज लिहिलेला नसेल तर जे होईल ते आपल्याला अपेक्षितच होते असे वाटते आणि शिकणे होत नाही.

असे साधे बदल किती दूर नेतात हे न्यूयॉर्कच्या अन्नपेढीच्या, म्हणजे गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेच्या, कामात दिसले. टोयोटाने या संस्थेला पैशांऐवजी आपले अभियंते दिले, हे २०१३ मध्ये वृत्तपत्रांतून आले होते. हार्लेममधल्या एका अन्नछत्रात जेवणासाठी कधीकधी ९० मिनिटे थांबावे लागे, ते १८ मिनिटांवर आले. केले काय? एका वेळी दहा-दहा जणांना आत सोडण्याची रीत बंद करून खुर्ची रिकामी होईल तसे सोडायला सुरुवात केली, ताटे मिळतात तिथे जवळच आत थांबायला जागा केली, आणि रिकाम्या खुर्च्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमला. नवे यंत्र नाही, नवी इमारत नाही. स्वयंसेवी क्षेत्रात ‘आमच्याकडे साधने नाहीत’ हे खरे असते, पण ज्याला जेवण हवे आहे तो रांगेत नेमका कुठे आणि का उभा आहे हे बघायला साधने लागत नाहीत. वेळ लागतो, आणि तिथे जाऊन उभे राहण्याची तयारी लागते. प्रमुखांनी महिन्यातून एक दिवस तरी तपासणी म्हणून न जाता असे बघायला जावे, फाइल न घेता.

भीतीचा एक प्रकार असा आहे की तो बोलून दाखवला जात नाही. सुधारणा झाली आणि काम कमी माणसांत होऊ लागले तर आपली जागा जाईल का? सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन या ना-नफा रुग्णालयाने २००२ पासून टोयोटाची पद्धत स्वीकारली, तेव्हा सुधारणेमुळे कुणालाही कामावरून काढणार नाही, असे धोरण जाहीर केले. लोकांचा वेळ वाचला तर त्यांना दुसऱ्या कामावर घेतले जाई. तिथेच कुठल्याही कर्मचाऱ्याने धोका दिसताच काम थांबवून सूचना द्यावी अशी व्यवस्था झाली, आणि ती सूचना ऐकून वरिष्ठ तातडीने येत. आपल्याकडे बहुतेक माणसे प्रकल्पाच्या करारावर असतात, त्यामुळे ही भीती वेगळ्या रूपात येते: प्रकल्प चालत नाहीये असे मीच सांगितले तर माझा करार संपेल. सगळ्यांना कायम करणे बहुतेक संस्थांना शक्य नसते. पण ‘प्रकल्प बंद झाला तरी खरे सांगणाऱ्याला पुढच्या कामात प्राधान्य’ एवढे लेखी धोरण तरी करता येते, आणि एकदा जरी ते पाळलेले दिसले तरी त्याची चर्चा संस्थाभर होते.

देणगीदारांचा मुद्दा टाळून हे उत्तर पुरे होणार नाही. प्रमुखांना खरे ऐकायचे असते, पण वर्षअखेर अहवालात यशच लिहावे लागते, मग ते खालीही यशच मागू लागतात. व्यवस्थापन खर्च कमीत कमी दाखवण्याच्या दडपणाखाली प्रशिक्षण, माहितीचे विश्लेषण, माणसांचा विचार करायचा वेळ हेच आधी कापले जाते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांनी देणगीदारांना खुले पत्र लिहून सांगितले, की केवळ व्यवस्थापन खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करणे चुकीचे आहे. त्यांनी ते सांगावे याला वजन होते, कारण संस्थांची माहिती आणि गुणांकन देणाऱ्या या संस्था होत्या. तुमच्या देणगीदाराशी बोलताना हा दाखला उपयोगी पडेल.

आणखी एक धीट उदाहरण ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स कॅनडा’चे. २००८ पासून त्यांनी आपल्या अपयशांचा अहवाल प्रसिद्ध करायला सुरुवात केली. मला त्याचे कौतुक आहे, पण लगेच त्याची नक्कल करा असे मी सांगणार नाही. आत रोजच्या बैठकीत खरे बोलले जात नसेल, तर बाहेरचा अपयश अहवालही काळजीपूर्वक निवडलेल्या निरुपद्रवी चुकांची यादी होतो. त्याआधी एक छोटी गोष्ट करा: प्रत्येक सहामाही अहवालात ‘काय चालले नाही आणि आम्ही काय बदलले’ असा एक परिच्छेद घाला, आणि त्यात चूक व तिच्यावरचा बदल एकत्र लिहा. बहुतेक देणगीदार असा परिच्छेद वाचून सावध होण्याऐवजी जवळ येतात, असे मी पाहिले आहे. जे घाबरतात त्यांच्याशी आधी फोनवर बोलून घ्यावे. वाईट बातमी त्यांना पहिल्यांदा छापील अहवालात कळू नये.

सेवा घेणाऱ्यांचे म्हणणे ऐकण्याबद्दल थोडक्यात. जो सेवा देतो त्यानेच ‘कशी वाटली’ असे विचारू नये, उत्तर ‘छान’ असेच येते. दुसऱ्या केंद्रावरच्या माणसाने विचारावे, आणि प्रश्न घडलेल्या गोष्टीबद्दल असावा: मागच्या वेळी आलात तेव्हा किती थांबलात, पुढे काय करायचे ते कुणी सांगितले, परत यावेसे वाटले नाही असे कधी झाले का. मध्येच सोडून गेलेल्यांना मुद्दाम शोधा. जे राहिले आहेत त्यांना आपले काम कुठे कमी पडते हे पुरते माहीत नसते.

नेतृत्वाकडून काय अपेक्षा ठेवायची, तर स्वतःच्या आवडत्या कल्पनेची परीक्षा होऊ देण्याची. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेने २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात आपल्या कामाची संशोधकांकडून काटेकोर चाचणी करून घेतली. गावकऱ्यांना शाळेची आणि मुलांच्या वाचनाची खरी माहिती दिली तर ते शाळेवर लक्ष ठेवतील, ही कल्पना आकर्षक होती. चाचणीत शाळेच्या कारभारात त्याने फरक पडल्याचे दिसले नाही. स्वयंसेवकांनी घेतलेल्या वाचनवर्गांना जी मुले गेली त्यांचे वाचन मात्र चांगलेच सुधारले, पण गेली थोडीच, सुमारे ८ टक्के. म्हणजे उपाय गुणाचा, पण पोहोच अपुरी. पुढे शाळेतच, सरकारी शिक्षकांबरोबर, शिबिरांच्या रूपात हेच करून पाहण्याकडे काम वळले. एका चाचणीतून ‘हे सोडू, हे धरू, हे वेगळ्या ठिकाणी नेऊ’ असे तीन निर्णय निघाले. प्रमुखांनी निकाल बचावात्मक होऊन वाचला असता तर त्यांतला एकही निघाला नसता.

आता तुम्ही सुरुवात कुठून करावी. पुढचे तीन महिने नवे काही आणू नका. पेटी काढा, फॉर्म निम्मा करा, साप्ताहिक बैठक वीस मिनिटांवर आणून ते चार प्रश्न समोर ठेवा. समन्वयकांबरोबर एकेकाला बसून, वाईट आकडा ऐकल्यावर ते पहिले वाक्य काय बोलतात याचा सराव करा. हे कृत्रिम वाटेल, तरी करा, कारण सगळ्यांत जास्त फरक इथेच पडतो. एकच केंद्र निवडा, शक्यतो जिथला प्रमुख स्वतःहून तयार आहे असे, आणि तिथे लोकांनी सुचवलेले दोन-तीन छोटे प्रयोग शेवटपर्यंत न्या. बाकीच्या केंद्रांतल्या लोकांनी तिथे जाऊन बघावे. मुख्यालयाच्या सादरीकरणापेक्षा सहकाऱ्याने ‘आम्ही असे केले, हे फसले, मग तसे केले’ असे सांगितलेले लवकर पटते.

माणसे सोडून जातात, हे धरूनच चाला. या क्षेत्रात गळती मोठी आणि शिकलेले माणसाबरोबर निघून जाते. प्रत्येक केंद्रावर एक साधी वही असावी: तारीख, काय करून पाहिले, काय झाले, आता कसे करतो. नव्या कार्यकर्त्याच्या पहिल्या आठवड्यात धोरणांच्या फायलीआधी ती वही वाचायला द्या, आणि महिन्याने त्याला विचारा की त्याला इथे काय विचित्र वाटले. नव्या माणसाला जे खटकते ते जुन्यांना दिसेनासे झालेले असते, आणि दोन-तीन महिन्यांत त्यालाही दिसेनासे होते.

किती वेळ लागेल, असेही तुमच्या मनात असणार. बैठकीतली भाषा तीन-चार महिन्यांत बदलते. खरे आकडे यायला त्याहून जास्त वेळ लागतो, कारण लोक आधी एखादी लहानशी वाईट बातमी सांगून बघतात आणि तिचे काय होते यावर पुढचे ठरवतात. त्या पहिल्या लहान बातमीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. प्रशिक्षकाला पुन्हा बोलवायचे असेल तर त्यानंतर बोलवा, आणि या वेळी कार्यशाळेचा विषय कार्यकर्त्यांना ठरवू द्या. त्या वहीत अडलेल्या दोन-तीन गोष्टी एव्हाना त्यांनीच लिहून ठेवलेल्या असतील.